पहिली मोटारसायकल कोणती घ्यावी? नव्या चालकासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी

दसरा, दिवाळीचा पाडवा आणि गुढीपाडवा हे आपल्याकडे गाडी घेण्याचे मुहूर्त. त्याआधी महिनाभर बेळगावातल्या अनेक घरांत एकाच विषयाची चर्चा चालते. नुकतीच अठरा पूर्ण झालेल्या मुलाला अमुकच गाडी हवी असते. आईला गाडीच नको असते. वडिलांचा जीव ॲव्हरेज आणि हप्ता यांत अडकलेला असतो. ज्यांनी आयुष्यभर राजदूत नाहीतर म्हैसूरची येझदी चालवली, ते आजोबा "आताच्या गाड्या म्हणजे नुसता पत्रा" असे सांगून मोकळे होतात. शेवटी मुहूर्त जवळ येतो आणि शोरूममध्ये जी गाडी त्या दिवशी मिळत असेल ती घरी येते.

या चर्चेत बहुतेक वेळा सगळे गाडीविषयी बोलतात, चालवणाऱ्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. त्याची उंची किती, त्याने आजवर काय चालवले आहे, तो रोज कोणत्या रस्त्याने जाणार, मागे कोणाला बसवणार, हे प्रश्न आधी विचारले तर गाडी निवडणे निम्म्याने सोपे होते. म्हणून या लेखात आम्ही कोणत्या एका कंपनीची शिफारस करणार नाही. काही गाड्यांची नावे आणि आकडे दिले आहेत ते तुलना करता यावी म्हणून. मॉडेल बदलले की आकडे थोडे पुढेमागे होतात, तेव्हा खरेदीच्या वेळी कंपनीचे पत्रक जरूर पाहावे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. पहिली मोटारसायकल ही शिकण्यासाठी असते. मनातली गाडी दुसऱ्या खेपेला घेता येते. पहिली अशी असावी की चालकाला तिची भीती वाटू नये, आणि तिच्यावर चुकीचा परिणाम लहानातला लहान राहावा. चुका सगळ्यांच्याच होतात. त्या अकरा-बारा अश्वशक्तीच्या गाडीवर होणे आणि पंचवीस अश्वशक्तीच्या गाडीवर होणे, यांत मात्र फार अंतर आहे.

आधी परवाना, मग गाडी

गिअरची मोटारसायकल चालवायला वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना फक्त ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या गाडीसाठी असतो. आपण रस्त्यावर पाहतो त्या बहुतेक स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या असतात, म्हणजे सोळा वर्षांच्या मुला-मुलीने त्या चालवणेही कायद्याच्या बाहेरचे आहे. "कॉलेजपर्यंतच तर जातो" हे उत्तर येथे चालत नाही.

२०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तिने ही जबाबदारी पालकांवर टाकली. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. शिक्षेचा हा भाग घरात एकदा मोठ्याने वाचून दाखवावा असा आहे.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावावा लागतो आणि मागे शिकवणाऱ्या परवानाधारकाखेरीज कोणालाही बसवता येत नाही. आमचा सल्ला असा की हे तीस दिवस घरातल्या किंवा नात्यातल्या एखाद्या जुन्या, हलक्या गाडीवर काढावेत. क्लच सोडण्याचा अंदाज, गिअर पाडणे, कमी वेगात तोल सांभाळणे हे हाताला आले की मग शोरूममध्ये जावे. तोवर स्वतःला काय जमते आणि काय जड जाते हे मुलाला कळलेले असते, आणि त्याची निवड पोस्टरवरून ठरत नाही.

गाडी अंगाला बसली पाहिजे

चप्पल घेताना आपण पायात घालून चार पावले चालून पाहतो. लाखभर रुपयांची गाडी घेताना मात्र शोरूममध्ये ती स्टँडवर असतानाच बसून बघतो. नव्या चालकाच्या बाबतीत दोन गोष्टी सर्वांत आधी तपासाव्यात, सीटची उंची आणि गाडीचे वजन.

सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे एकाच वेळी जमिनीला पक्के टेकले पाहिजेत. एक पाऊल पूर्ण टेकले तर आणखी चांगले. नव्या चालकाच्या हातून गाडी पडते ती बहुधा थांबताना, वळवताना किंवा उतारावर पाय टेकवताना. तेथे पाय नीट पोचला नाही तर गाडी कलते, आणि एकदा ठरावीक अंशापलीकडे कलली की ती अडवणे कोणाच्याच हातात राहत नाही.

आता वजन पाहू. हिरो स्प्लेंडर प्लस सुमारे ११२ किलोची, तिची सीट ७८५ मिलिमीटरवर. होंडा शाइन १०० आणखी हलकी, सुमारे ९९ किलो. शाइन १२५ साधारण ११३ आणि टीव्हीएस रेडर १२३ किलोच्या आसपास. पल्सर १५० वर गेलो की वजन १५० किलोच्या जवळ जाते. रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० सुमारे १९५ किलोची, म्हणजे स्प्लेंडरपेक्षा ऐंशी-पंच्याऐंशी किलो जास्त. जणू एक धडधाकट माणूस कायमचा गाडीवर बसवून ठेवला आहे.

नुसती सीटची उंची पाहूनही फसायला होते. मीटिऑर ३५० ची सीट ७६५ मिलिमीटरवर आहे, म्हणजे स्प्लेंडरपेक्षाही खाली. पण तिचे वजन १९० किलोच्या पुढे आहे. पाय छान टेकतात म्हणून घेतली आणि शहापूर-वडगावच्या बोळात मागे ढकलून वळवायची वेळ आली, की घाम फुटतो. म्हणून दोन्ही आकडे एकत्र पाहावेत.

शोरूममध्ये किंवा विकणाऱ्याच्या दारात या चार गोष्टी करून बघाव्यात:

१. गाडी बंद ठेवून, सीटवर बसून, साइड स्टँडवरून सरळ उभी करावी आणि पुन्हा टेकवावी.
२. खाली उतरून हँडल धरून दहा-बारा पावले पुढे आणि तेवढीच मागे ढकलावी.
३. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. शेवटच्या टोकाला हात ताणला जाऊन क्लच सुटत असेल तर ती गाडी आपल्या मापाची नाही.
४. क्लच आणि पुढच्या ब्रेकपर्यंत बोटे सहज पोचतात का, दाबताना मनगट वाकडे होते का, ते पाहावे.

सोबत कोणी असले तरी त्याने हात लावायचा नाही. या चार गोष्टी न धापता जमल्या, तरच पुढची बोलणी करावीत.

मुलीसाठी गाडी घ्यायची म्हणजे स्कूटरच, असे अनेक घरांत धरून चालतात. तसे काहीच कारण नाही. शंभर ते सव्वाशे सीसीच्या कित्येक मोटारसायकली आणि शहरात सर्रास दिसणाऱ्या स्कूटर यांच्या वजनात थोडाच फरक आहे. शिवाय मोटारसायकलची चाके १७-१८ इंची असतात, तर स्कूटरची साधारण १०-१२ इंची. खड्ड्यात लहान चाक जास्त खोल जाते आणि हँडलला जास्त हिसका बसतो. रोज खेड्यातून शहरात येणाऱ्या मुलीला तर मोठ्या चाकाचा फायदाच आहे. उंची पाच फुटांच्या आसपास असेल तर ७९० मिलिमीटरच्या आतली सीट आणि १२० किलोच्या आतले वजन पाहावे, म्हणजे झाले. शहरातच फिरायचे असेल, डिकीत सामान ठेवायचे असेल, घरात तीन-चार जण आळीपाळीने गाडी वापरणार असतील, तर स्कूटर सोयीची. हा निर्णय वापरावरून व्हावा.

सीसी म्हणजे ताकद नव्हे

"किती सीसीची?" हा आपल्याकडचा पहिला प्रश्न. सीसी म्हणजे इंजिनातल्या सिलिंडरचे आकारमान. गाडी किती चटकन उसळी घेते हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी तिची अश्वशक्ती आणि वजन एकमेकांशेजारी ठेवून पाहावे लागते.

स्प्लेंडरची ताकद सुमारे ८ अश्वशक्ती, वजन ११२ किलो. क्लासिक ३५० ची ताकद सुमारे २० आणि वजन १९५. केटीएमची २०० ड्यूक मात्र १६० किलोच्या आतबाहेर वजनाची असून २५ अश्वशक्तीची आहे. दर शंभर किलोमागे हिशेब केला तर स्प्लेंडरला सात, क्लासिकला दहा आणि ड्यूकला पंधराहून जास्त अश्वशक्ती येते. म्हणजे ३५० सीसीची बुलेट घराण्यातली गाडी २०० सीसीच्या ड्यूकपेक्षा स्वभावाने कितीतरी शांत आहे. नव्या चालकाला तिचा त्रास होतो तो वजनाचा. ड्यूकसारख्या गाडीचा त्रास असा की मूठ जरा जास्त फिरली, की चालकाला कळण्याआधी ती पुढे गेलेली असते.

या हिशेबावरून साधारण वाटणी अशी करता येईल. रोजचे येणे-जाणे शहरात किंवा वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत असेल तर १०० ते १२५ सीसी पुरेशी. मागे कोणी नेहमी बसणार असेल, किंवा घाट-चढ असेल, तर शंभरपेक्षा सव्वाशे बरी, कारण चढावर सतत गिअर पाडत बसावे लागत नाही. रोज राष्ट्रीय महामार्गावरून लांब जायचे असेल, जसे निपाणीहून किंवा संकेश्वरहून बेळगावला, तर १५० ते १६० सीसीची गाडी विचारात घ्यावी. ट्रकच्या मागे अडकून राहण्यापेक्षा वेळेवर पुढे जाता येण्याइतकी ताकद तेथे उपयोगी पडते. वीसच्या पुढच्या अश्वशक्तीच्या चपळ गाड्या पहिल्या वर्षासाठी नकोत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

थांबण्याचा हिशेब

नवा चालक गाडी किती पळते हे विचारतो. त्याच्या आईने ती किती अंतरात थांबते हे विचारावे.

ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. समोर म्हैस आडवी आली, डोळ्यांनी पाहिली आणि हात ब्रेकवर गेला, यात एक सेकंद धरला तरी तेवढ्यात गाडी ११ मीटर पुढे गेली. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगला ब्रेक लावला तर आणखी सुमारे १० मीटर. म्हणजे एकूण २१. वेग ६० केला की तोच हिशेब ४० मीटरवर जातो. वेग दीडपट झाला आणि अंतर जवळजवळ दुप्पट. पावसात ६० च्या वेगाला ५० मीटरही लागतात. हे ब्रेक नीट लावणाऱ्याचे आकडे आहेत. घाबरून फक्त मागचा ब्रेक दाबणाऱ्याला याहून बरेच जास्त अंतर लागते. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. "पुढचा ब्रेक लावू नको, उलटशील" हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला जाणारा सल्ला अर्धाच खरा आहे. पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही. तो हळूहळू वाढवत दाबायचा, आणि मागचा सोबत.

येथे एबीएस कामाला येते. ब्रेक जोरात दाबला तरी चाक पूर्ण अडकून घसरू नये, म्हणून ही यंत्रणा दाब क्षणाक्षणाला सोडते आणि धरते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले आणि त्याखालच्या गाड्यांना किमान सीबीएस. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो, पण चाक अडकण्यापासून ते वाचवत नाही. दोन मॉडेलमध्ये निवड करायची वेळ आली आणि एकात पुढच्या चाकाला डिस्क व एबीएस मिळत असेल, तर थोडे पैसे जास्त गेले तरी ती घ्यावी. रंगीत स्क्रीन आणि ब्लूटूथ यांवर खर्च करण्यापेक्षा हा खर्च कामाचा.

आपले रस्ते, आपला पाऊस

गाडीची जाहिरात कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर केलेली असते. आपल्या मुलांना जून ते सप्टेंबर बेळगावच्या पावसात चालवायचे असते. पहिल्या सरी पडल्या की रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिसळून निसरडा थर तयार होतो. खानापूरकडच्या तांबड्या मातीचा चिखल डांबरावर आला की तो साबणासारखा लागतो. उद्यमबागेत कामाची पाळी सुटते तेव्हाची गर्दी, रेल्वे फाटकाचे रूळ ओलांडताना तिरपे जाणारे चाक, गटाराची लोखंडी झाकणे, या सगळ्यांवर ओल्या रस्त्यात चाक सरकते. म्हणून टायर नावाजलेल्या कंपनीचे आहेत का, फार अरुंद नाहीत ना, हे पाहावे.

ऊसाच्या हंगामात रात्रीचा धोका वेगळाच असतो. मागे दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली अंधारात अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही, आणि सांडलेल्या ऊसावर चाक घसरते. खेड्याकडच्या रस्त्यावर मळणीसाठी पसरलेले पीकही असते. खेड्यातून ये-जा करणाऱ्याने गाडीचा दिवा किती लांब आणि किती रुंद उजेड पाडतो हे संध्याकाळी चालवून पाहावे. एखाद्याकडे तीच गाडी असेल तर त्याच्याकडे मागून घ्यावी. दुकानाच्या दिव्यात हे समजत नाही.

गोव्याकडे चोर्ला किंवा अनमोड घाटातून जाण्याची हौस प्रत्येक नव्या चालकाला असते. ती पहिल्या पावसाळ्यात पुरवू नये. धुके, वळणे आणि समोरून येणारी बस यांचा अंदाज यायला काही महिने जावे लागतात. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवण्याची सवय तर कधीच लावू नये. खालचा गिअर ठेवला तर इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेक तापत नाहीत.

जुनी घ्यायची तर, आणि सीमेपलीकडची घ्यायची तर

पहिली गाडी जुनी घेण्यात कमीपणा काही नाही. शिकताना गाडी एकदोनदा पडणारच. नव्या टाकीवर ओरखडा आला की जीव जळतो, जुनीवर तेवढा जळत नाही. मात्र २०१९ च्या आधीची गाडी असेल तर तिला एबीएस नसण्याची शक्यता जास्त, हे लक्षात ठेवावे.

आपल्या ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यावा. इंजिन थंड असतानाच गाडी चालू करून पाहावी. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी यावे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाची ओल नसावी. सपाट रस्त्यावर सावकाश चालवताना गाडी एका बाजूला ओढत असेल, तर पुढचा भाग कधीतरी जोरात आपटलेला असू शकतो. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. '२३२१' म्हणजे २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर.

कागदपत्रांचा भाग आपल्या सीमाभागात जास्त महत्त्वाचा आहे. कोल्हापूरला मामाकडे किंवा गोव्यात आत्याकडे गाडी स्वस्तात मिळते आणि आपण 'एमएच ०९' किंवा गोवा पासिंगची गाडी घेऊन येतो. नात्यातला व्यवहार म्हणून कागद तसेच राहतात. पुढे त्या गाडीचा अपघात झाला की नोटीस जाते ती मामाच्या नावाने, आणि विम्याचा दावा अडकतो. तसे होऊ नये यासाठी पुढील क्रम पाळावा:

• एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचे नाव, विम्याची मुदत, कर्जाचा बोजा आणि थकलेले दंड पाहावेत. इंजिन आणि चॅसीचे नंबर गाडीवरचे आणि आरसीवरचे जुळवून घ्यावेत.
• कर्ज फिटले असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवून घ्यावा.
• मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर आधी तेथल्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत दाखला आणावा.
• दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवायची तर तेथे नवी नोंदणी करावी लागते. म्हणजे येथे 'केए २२' किंवा चिक्कोडीकडे 'केए २३' चा नंबर घ्यायचा आणि कर्नाटकचा कर भरायचा. तिकडे भरलेला कर आपोआप इकडे वळता होत नाही. तो परत मिळवायला मूळ राज्यात वेगळा अर्ज करावा लागतो.
• विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. त्यासाठी व्यवहारानंतर चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज द्यावा.

हा सगळा कर आणि खर्च धरून मगच सीमेपलीकडची गाडी खरोखर स्वस्त पडते का ते ठरवावे. कित्येकदा ती पडत नाही.

पैशांचे गणित

पाटीवरची किंमत एक्स-शोरूम असते. त्यावर रोड टॅक्स, नोंदणी आणि विमा चढतो. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. आपल्या गाडीचे नुकसान किंवा चोरी यासाठीचा विमा वेगळा, आणि तो दरवर्षी चालू ठेवावा लागतो. पहिले वर्ष संपले की तो विसरणारे खूप आहेत. चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही त्यात आहे ना, हे पॉलिसीवर बोट ठेवून विचारावे.

पेट्रोलचा हिशेब सोपा आहे. रोज २० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ५०० किलोमीटर. साठचे ॲव्हरेज देणारी गाडी सव्वाआठ लिटर पेट्रोल घेते, पस्तीसचे देणारी सव्वाचौदा. लिटरला शंभर रुपये धरले तर महिन्याला सहाशे रुपयांचा फरक. शिकणाऱ्या मुलाच्या घरात ही रक्कम लहान नाही.

अंदाजपत्रकातली पहिली ओळ मात्र हेल्मेटची असावी. आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक असलेले, पूर्ण तोंड झाकणारे, डोक्याला घट्ट बसणारे हेल्मेट घ्यावे. पट्टा लावून मागून वर ओढल्यावर ते निघून येता कामा नये. गाडी आणायला जाल त्याच दिवशी ते डोक्यावर असावे, आणि मागे बसणाऱ्यासाठी दुसरे. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी टाकून द्यावे, कारण आतला थर्मोकोलसारखा थर एकदाच मार झेलतो. बोटे झाकणारे हातमोजे आणि घोटा झाकणारे बूटही घ्यावेत. पडताना माणूस आधी हातच टेकतो.

पहिले तीन महिने

गाडी आली, पूजा झाली, चाकाखाली लिंबू ठेवून झाले. पुढचे तीन महिने घरात काही नियम ठरवून घ्यावेत. पहिला महिना डबलसीट नाही. मागे माणूस बसला की गाडीचा तोल आणि थांबण्याचे अंतर दोन्ही बदलते, आणि मित्र मागे असला की मूठही जरा जास्त फिरते. रात्रीचे आणि महामार्गावरचे चालवणे दुसऱ्या महिन्यापासून, तेही आधी कोणासोबत. रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या मैदानावर ताशी ३० च्या वेगाने येऊन दोन्ही ब्रेक लावून थांबण्याचा सराव वीस-पंचवीस वेळा करावा, आणि पाऊस सुरू झाला की ओल्या जमिनीवर पुन्हा करावा. कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेली पहिली सर्व्हिसिंग चुकवू नये.

नियम घालून देणाऱ्या वडिलांनीही हेल्मेट घातले तरच हे नियम टिकतात. गोवावेसपर्यंत दूध आणायला वडील उघड्या डोक्याने जात असतील, तर मुलगा पुढच्या चौकात हेल्मेट काढून आरशाला अडकवणारच.

वर्षभर अशी गाडी चालली की चालकाला स्वतःलाच कळते की त्याला खरोखर काय हवे आहे. कित्येकांना सव्वाशेचीच सवय होते आणि ते दहा वर्षे तीच चालवतात. काहींना मोठी गाडी हवीशी वाटते. तेव्हा ती जरूर घ्यावी. तोवर हात तयार झालेले असतील, आणि जुन्या हलक्या गाडीवर शिकायला घरातले धाकटे भावंड वाट पाहत असेल.